ऑगस्टस डी मॉर्गन : मदुरेत जन्मलेला तर्कशास्त्रज्ञ

इ. स. १८०६ हे वर्ष दक्षिण भारताच्या इतिहासात वेल्लोरच्या शिपायांच्या उठावामुळे स्मरणात राहिले आहे. तो उठाव १० जुलैच्या पहाटे झाला. त्याच्या तेरा दिवस आधी, २७ जून रोजी, मदुरा येथे कंपनी सरकारच्या मद्रास सैन्यातील जॉन डी मॉर्गन या अधिकाऱ्याच्या घरी एका मुलाचा जन्म झाला. त्याचे नाव ऑगस्टस. याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट नावाचा एक सोळा वर्षांचा इंग्रज मुलगा कंपनीच्या तोफखान्यात उमेदवार म्हणून हिंदुस्थानात दाखल झाला. पहिला मुलगा सात महिन्यांचा असतानाच इंग्लंडला गेला आणि पुन्हा या भूमीवर त्याचे पाऊल पडले नाही. दुसऱ्याने मात्र उमेदीची बहुतेक वर्षे येथेच काढली आणि त्याचे नाव पुढे जगातील सर्वोच्च शिखराला मिळाले. वरवर पाहता या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. परंतु एका लेखिकेच्या दाव्यामुळे ही दोन्ही नावे आधुनिक गणिती तर्कशास्त्राच्या जन्मकथेत एकत्र आली आणि त्या कथेत भारतीय न्यायशास्त्रालाही मानाची जागा मिळाली. हा दावा कितपत खरा, आणि तो खरा नसेल तर डी मॉर्गन यांचे आपल्याशी काही नाते उरते काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम या तर्कज्ञाच्या चरित्राकडे वळू. जन्मानंतर थोड्याच काळात ऑगस्टस यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १८१६ मध्ये वडील हिंदुस्थानातून परतताना वाटेतच वारले, तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. आईच्या बाजूने त्यांचे पणजोबा जेम्स डॉडसन हे गणिती होते आणि प्रतिलॉगरिदमची कोष्टके तयार करणारे म्हणून ते विद्वानांना परिचित होते. पण चरितार्थासाठी त्यांनी शाळेत गणित शिकवले होते, एवढ्यामुळे घरात त्यांचे नाव फारसे अभिमानाने घेतले जात नसे. प्रतिष्ठेच्या कल्पनेपायी घराण्यातील खरा मोठा माणूस झाकून ठेवण्याची ही रीत आपल्याकडील वंशावळी लिहिणाऱ्यांनाही अपरिचित नसावी.

१८२३ मध्ये डी मॉर्गन केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले आणि १८२७ च्या गणिताच्या मानाच्या परीक्षेत चौथे आले. पुढील पदवीसाठी व कॉलेजातील कायम स्थानासाठी इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या धर्मतत्त्वांना मान्यता देणारी सही करावी लागे. डी मॉर्गन यांनी ती सही करण्यास नकार दिला आणि केंब्रिजचे दार त्यांच्यासाठी बंद झाले. सुदैवाने त्याच सुमारास धर्माची अट न घालणारे नवे विद्यापीठ लंडनमध्ये उघडत होते. १८२८ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, ते तेथील गणिताचे पहिले प्राध्यापक झाले. शरीरशास्त्राच्या एका प्राध्यापकाला संचालकांनी काढून टाकले, तेव्हा १८३१ मध्ये तत्त्वासाठी त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या प्राध्यापकाचा बुडून मृत्यू झाल्यावर १८३६ मध्ये ते परत आले आणि पुढे तीस वर्षे शिकवीत राहिले. १८६६ मध्ये जेम्स मार्टिनो या विद्वानाची नेमणूक त्यांच्या धर्ममतांमुळे नाकारण्यात आली. ज्या संस्थेचा पायाच धर्मनिरपेक्षतेचा होता, तिनेच तो सोडला असे मानून डी मॉर्गन यांनी पुन्हा, आणि या वेळी कायमचा, राजीनामा दिला. दोन्ही राजीनामे स्वतःवरील अन्यायासाठी नव्हते, दुसऱ्यावरील अन्यायासाठी होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १८ मार्च १८७१ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या विद्यार्थ्यांत सिल्व्हेस्टर, टॉडहंटर, जेव्हन्स अशी मोठी माणसे होती. बॅबेजच्या गणनयंत्रावरील टिपणांमुळे प्रसिद्ध झालेल्या एडा लव्हलेस या विदुषीला त्यांनी पत्रांतून गणित शिकवले. लंडन गणित मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले, ते १८६५ मध्ये. ‘गणिती विगमन’ ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेयही बव्हंशी त्यांच्याकडे जाते. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांनी कधी मागितले नाही आणि एडिंबरो विद्यापीठाने देऊ केलेली मानद पदवीही स्वीकारली नाही. त्यांची विनोदबुद्धीही विलक्षण होती. आपले वय विचारणाऱ्याला ते कोडे घालीत : अमुक संख्येच्या वर्गाइतके साल होते, तेव्हा माझे वय त्या संख्येइतके होते. त्रेचाळीसचा वर्ग १८४९. त्या वर्षी ते त्रेचाळीस वर्षांचे होते.

तर्कशास्त्रातील त्यांच्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी त्यापूर्वीची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. युरोपात दोन हजार वर्षे ॲरिस्टॉटलचे संवाक्य, म्हणजे दोन विधानांवरून तिसरे काढण्याची पद्धत, हेच तर्कशास्त्राचे सर्वस्व मानले जात होते. ‘सर्व माणसे मर्त्य आहेत, अमुक हा माणूस आहे, म्हणून तो मर्त्य आहे’ या चाकोरीबाहेर फारसे कोणी गेले नव्हते. १८४७ मध्ये डी मॉर्गन यांचा ‘फॉर्मल लॉजिक’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी, जवळजवळ एकाच वेळी, जॉर्ज बूल यांची तर्काच्या गणिती विश्लेषणावरील छोटी पुस्तिका आली. दोघांचा पत्रव्यवहार १८४२ पासून चालू होता. विचारांची मांडणी बीजगणिताच्या चिन्हांनी करता येईल, हा दोघांचाही ध्यास होता. मात्र वाटा वेगळ्या होत्या. बूल यांनी तर्काला समीकरणांचे रूप दिले. डी मॉर्गन यांनी तर्काच्या आत शिरून त्याचे जुने साचे कुठे अपुरे पडतात हे दाखवले.

आज गणकयंत्राचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो ते ‘डी मॉर्गन यांचे नियम’ आपल्या शहरातील उदाहरणाने सहज समजतात. एखाद्याविषयी आपण म्हणालो की, ‘त्याला मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषा येतात असे नाही’, तर त्याचा अर्थ एवढाच की, त्याला मराठी येत नसेल किंवा तेलुगू येत नसेल; यांपैकी निदान एक खरे. उलट, ‘त्याला मराठी किंवा तेलुगू येते असे नाही’ असे म्हणालो, तर त्याचा अर्थ, त्याला मराठीही येत नाही आणि तेलुगूही येत नाही. नकार आत शिरला की ‘आणि’चे ‘किंवा’ होते आणि ‘किंवा’चे ‘आणि’. बोलण्यात आपण हा नियम नकळत पाळतो, आणि वादात अनेकदा नकळतच मोडतो. शब्दांतून हा नियम युरोपातील मध्ययुगीन पंडितांनाही ठाऊक होता. त्याला सर्वसाधारण गणिती रूप देण्याचे श्रेय डी मॉर्गन यांचे. माधापूर-गचिबोवलीच्या उंच इमारतींत जे संगणक रात्रंदिवस चालतात, त्यांच्या मंडलांच्या रचनेत हे दोन नियम अक्षरशः क्षणोक्षणी वापरले जातात.

परंतु त्यांचे सर्वांत मौलिक काम म्हणजे संबंधांचे तर्कशास्त्र. १८६० च्या निबंधात त्यांनी ते मांडले. जुन्या तर्कशास्त्राची उणीव दाखवण्यासाठी त्यांच्या नावाने सांगितले जाणारे एक साधे उदाहरण असे : घोडा हा प्राणी आहे, म्हणून घोड्याचे डोके हे प्राण्याचे डोके आहे. हे अनुमान लहान मुलालाही पटते. पण ॲरिस्टॉटलच्या सगळ्या साच्यांत ते कुठेच बसत नाही. कारण त्यात ‘अमुकाचे डोके’ हा एका वस्तूचा दुसरीशी असलेला संबंध आहे आणि जुने तर्कशास्त्र संबंधांविषयी मुके होते.

संबंधांचे हे गणित मराठी माणसाला तर सोपेच वाटावे, कारण आपली नातेवाचक नावे म्हणजे त्याचा तयार पाठ आहे. इंग्रजी ज्यांना एकाच ‘अंकल’ शब्दात कोंबते, त्यांना आपण काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान असे वेगळे ओळखतो. मामा म्हणजे आईचा भाऊ : ‘आई’ आणि ‘भाऊ’ या दोन संबंधांच्या जोडणीतून तिसरा संबंध तयार झाला. आता हेच नाते उलट्या बाजूने पाहा. भाचा म्हणजे बहिणीचा मुलगा. ‘आई’च्या उलट ‘मूल’, ‘भावा’च्या उलट ‘बहीण’. आणि उलटताना जोडणीचा क्रमही उलटतो. जोडलेल्या संबंधाचा व्यस्त काढताना घटकांचे व्यस्त उलट्या क्रमाने जोडावे लागतात, हा डी मॉर्गन यांनी मांडलेला नियम आपल्या आजीबाई लग्नघरात पाहुण्यांची ओळख करून देताना रोज वापरत आल्या आहेत. काही संबंध संक्रामक असतात, हेही त्यांनी स्पष्ट केले. पूर्वजाचा पूर्वज हा पूर्वजच असतो. पण मित्राचा मित्र हा मित्र असेलच असे नाही. पुढे अमेरिकेत पर्स आणि जर्मनीत श्रोडर यांनी हे शास्त्र वाढवले. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी माहितीसाठ्यांची जी संबंधाधिष्ठित रचना सुचवली, तिचे मूळही याच विचारात आहे. आज बँकेतील खाते असो की रेल्वेचे आरक्षण, त्यामागील कोष्टकांना जोडणारा धागा हाच.

आता त्या दाव्याकडे येऊ. जॉर्ज एव्हरेस्ट १८१८ च्या अखेरीस हैदराबादला आले, ते कर्नल विल्यम लॅम्ब्टन यांचे मुख्य साहाय्यक म्हणून. दक्षिणेच्या टोकापासून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे नेण्याचे लॅम्ब्टन यांचे काम तेव्हा निजामाच्या मुलखात पोहोचले होते. बीदरजवळची पायारेषा त्यांनी १८१५ मध्येच मोजली होती. कृष्णा व गोदावरी यांच्यामधील अरण्यात पहिल्याच मोहिमेत एव्हरेस्ट आणि त्यांचे पथक तापाने पार खचले आणि प्रकृतीसाठी एव्हरेस्ट यांना केप ऑफ गुड होपला जावे लागले. २० जानेवारी १८२३ रोजी नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे लॅम्ब्टन वारले आणि सर्वेक्षणाची धुरा एव्हरेस्ट यांच्याकडे आली. १८४३ मध्ये ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले.

या एव्हरेस्ट यांची पुतणी मेरी हिचा विवाह १८५५ मध्ये जॉर्ज बूल यांच्याशी झाला. बूल १८६४ मध्ये वारले. पुढे अनेक वर्षांनी, १९०१ च्या सुमारास, मेरी बूल यांनी जगदीशचंद्र बसू यांना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. त्यात त्यांनी सांगितले की, आपले चुलते हिंदुस्थानात असताना त्यांचा तेथील विद्वान ब्राह्मणांशी सहवास झाला, त्यांच्याकडून त्यांनी विचार करण्याची एक पद्धती आत्मसात केली आणि त्यांच्याद्वारे तिचा संस्कार बॅबेज, डी मॉर्गन आणि बूल या तिघांवर झाला. म्हणजे आधुनिक तर्कगणिताचे बीज भारतीय भूमीतले, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आपल्याला हे ऐकून बरे वाटते, यात शंका नाही. त्यातून एव्हरेस्ट हैदराबादला राहिलेले. तेव्हा हे बीज आपल्याच शहरातून गेले असावे असे म्हणण्याचा मोहही होऊ शकतो.

परंतु हा मोह आवरला पाहिजे. पहिली गोष्ट कालक्रमाची. बूल आणि मेरी यांची ओळख १८५० मध्ये आयर्लंडातील कॉर्क येथे झाली, आणि बूल यांची मूळ पुस्तिका १८४७ ची आहे. तर्काला चिन्हांचे रूप देण्याची कल्पना त्यांना त्याही आधी, तरुणपणी सुचली होती. दुसरी गोष्ट, पुस्तिकेमागचे तात्कालिक निमित्त बूल यांनी स्वतःच प्रस्तावनेत सांगितले आहे. ते म्हणजे डी मॉर्गन आणि एडिंबरोचे सर विल्यम हॅमिल्टन यांच्यातील वाद. विधानातील विधेयालाही ‘सर्व’ किंवा ‘काही’ असे परिमाण जोडावे, ही कल्पना आपली असून ती डी मॉर्गन यांनी उचलली, असा आरोप हॅमिल्टन यांनी केला होता. तिसरी गोष्ट, डी मॉर्गन यांच्या चिन्हपद्धतीची मुळे केंब्रिजच्या पीकॉक प्रभृतींच्या बीजगणितात स्पष्ट दिसतात. चिन्हांचा अर्थ बाजूला ठेवून केवळ त्यांचे नियम पाहावेत, हा विचार तेथे आधीपासून मूळ धरत होता. मेरी बूल यांचे पत्र हे पतीच्या आणि चुलत्याच्या आठवणींवर वृद्धापकाळी उभारलेले भक्तिपूर्ण स्मारक आहे. त्याला आदर द्यावा. पण पुरावा म्हणून ते पुरेसे नाही.

शिवाय आपले न्यायशास्त्र वेगळ्या वाटेने गेले होते. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, या प्रसिद्ध अनुमानात नैयायिक प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे पाच अवयव मानतात. त्यातील ‘उदाहरण’ या अवयवात स्वयंपाकघरातील चुलीसारखा प्रत्यक्ष अनुभवातील दाखला द्यावा लागतो. ॲरिस्टॉटलच्या संवाक्यात अशा दाखल्याला जागा नाही. नैयायिकाचा प्रश्न ‘हे ज्ञान खरे कशावरून’ हा आहे. डी मॉर्गन यांचा प्रश्न ‘या आकाराचे अनुमान नेहमी बरोबर असते काय’ हा आहे. नव्यन्यायाने गंगेशानंतर संस्कृतातच एक अतिशय काटेकोर परिभाषा घडवली. अभाव, अवच्छेदक, प्रतियोगी या शब्दांनी तिने नकाराचे असे सूक्ष्म विश्लेषण केले की, १९५१ मध्ये अमेरिकन संस्कृतज्ञ डॅनिएल इंगल्स यांनी डी मॉर्गन यांच्या नियमांशी समान असलेली तत्त्वे नव्यन्यायात सापडतात असे दाखवून दिले. म्हणजे तोच सिद्धांत दोन ठिकाणी, परस्परांची खबर नसताना, सापडला. एकाने दुसऱ्याला दिला असे मानण्यापेक्षा ही गोष्ट कमी गौरवाची आहे काय? दोन विहिरींना एकच पाणी लागले, तर ते भूमीच्या खोलीचे लक्षण आहे; एका विहिरीतून दुसरीत पाणी ओतले गेल्याचे नव्हे.

विशेष हे की, ही गोष्ट डी मॉर्गन यांनीच फार आधी ओळखली होती. कोलब्रुक यांनी १८२४ च्या सुमारास न्यायदर्शनाचा परिचय इंग्रजीत करून दिला होता. ज्या दोन समाजांनी गणिताचा पाया घातला, त्या संस्कृत व ग्रीक भाषांच्या समाजांनीच स्वतंत्रपणे तर्कशास्त्रही उभारले, अशा आशयाचे विधान डी मॉर्गन यांनी केले आहे. येथे ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द मोलाचा. त्यांनी भारतीय तर्काकडून काही घेतल्याचा दावा केला नाही आणि त्याचे अस्तित्व नाकारलेही नाही. ज्या काळात मेकॉलेसारखे विद्वान पौर्वात्य ज्ञानाला एका कपाटाचीही किंमत देत नव्हते, त्या काळातले हे विधान आहे.

आणि हे केवळ विधान राहिले नाही. दिल्ली कॉलेजातील शिक्षक मास्टर रामचंद्र (जन्म पानिपत, १८२१) यांनी कलनशास्त्राचा आधार न घेता, केवळ बीजगणिताने महत्तम आणि लघुतम मूल्यांची उदाहरणे सोडवणारा इंग्रजी ग्रंथ १८५० मध्ये स्वखर्चाने कलकत्त्यात छापला. पद्धतीचा एक नमुना पाहा. परिमिती ठरलेल्या आयतांपैकी कोणाचे क्षेत्रफळ सर्वांत मोठे? लगतच्या दोन बाजूंची बेरीज ठाऊक आहे; त्यांचा गुणाकार एखादी संख्या मानून वर्गसमीकरण मांडावे. त्याची उत्तरे वास्तव यायची असतील, तर वर्गमुळाखालील राशी ऋण होता कामा नये. म्हणून तो गुणाकार बेरजेच्या निम्म्याच्या वर्गापेक्षा मोठा असू शकत नाही, आणि तेवढा होतो तो दोन्ही बाजू समान असताना, म्हणजे चौरसात. कलकत्त्यातील टीकाकारांनी या पुस्तकाची फारशी कदर केली नाही. तेथील शिक्षणमंडळाचे अध्यक्ष बेथून यांनी त्याच्या प्रती इंग्लंडला पाठवल्या, आणि त्यातील एक डी मॉर्गन यांच्या हाती पडली.

डी मॉर्गन यांनी ती प्रत शेल्फवर ठेवून दिली असती, तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी कंपनीच्या संचालकांना पत्र लिहिले, लेखकाचा सन्मान व्हावा असा आग्रह धरला आणि १८५९ मध्ये, म्हणजे सत्तावनच्या उठावाची धग विझते न विझते तोच, स्वतःची प्रदीर्घ प्रस्तावना जोडून तो ग्रंथ लंडनमध्ये पुन्हा प्रसिद्ध करवला. रामचंद्रांना खिलत आणि दोन हजार रुपये मिळाले. प्रस्तावनेत त्यांनी जो विचार मांडला, तो या सन्मानाहून मोठा आहे. ग्रीकांची प्रतिभा भूमितीत फुलली, हिंदूंची बीजगणितात. तेव्हा हिंदुस्थानातील तरुणांना युरोपचे पाठ घोकायला लावण्यापेक्षा त्यांच्याच भास्कराचार्यांच्या परंपरेतली स्वतंत्र विचाराची ठिणगी फुंकली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

मराठीचा या कथेशी असलेला धागाही येथेच येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत कर्नल जॉर्ज जर्विस यांच्या पुढाकाराने आणि शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने डी मॉर्गन यांच्या बीजगणिताचे मराठी भाषांतर झाले. म्हणजे ‘फॉर्मल लॉजिक’च्या कर्त्याचे गणित मराठीत पोहोचले, ते फार उशिराने नव्हे, तर त्याच्या हयातीतच. उलट दिशेचा प्रवासही झाला. आंध्रातील अन्नंभट्टांनी सतराव्या शतकात लिहिलेला ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्राचा बालबोध ग्रंथ यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस या दोन मराठी विद्वानांनी, पाश्चात्त्य तर्कशास्त्राशी ताडून पाहणाऱ्या टिपांसह, मुंबई संस्कृत ग्रंथमालेत १८९७ मध्ये प्रसिद्ध केला. तेलुगू भूमीतला ग्रंथकार, संस्कृत भाषा, मराठी संपादक आणि इंग्रजी टिपा : आपल्या शहरातील कोणत्याही जुन्या मराठी घराच्या कपाटाची ही रचना वाटावी. १९१७ मध्ये हैदराबादेत भाषांतर विभाग स्थापन झाला आणि उस्मानिया विद्यापीठासाठी गणित-तर्कशास्त्रादी विषयांचे ग्रंथ उर्दूत तयार होऊ लागले. त्या उर्दूतून आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांनी उच्च शिक्षण घेतले. शास्त्र एका भाषेतून दुसरीत नेताना काय कमावले जाते आणि काय निसटते, हे त्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

डी मॉर्गन यांना कोणी त्यांच्या राष्ट्रीयत्वाविषयी विचारले, तर आपण इंग्रज नाही, स्कॉटिश नाही आणि आयरिशही नाही, आपण ‘असंलग्न’ ब्रिटिश आहोत, असे ते सांगत. कोणत्याही कॉलेजात नाव न नोंदवलेल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला हा शब्द लावीत. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नाला दोन-तीन पिढ्या उत्तर देत आलेल्या आपल्यासारख्यांना या शब्दातील मिस्कीलपणाही कळतो आणि त्यामागची किंचित अस्वस्थताही. महाराष्ट्रात गेल्यावर आपण हैदराबादचे असतो आणि हैदराबादेत मराठी. डी मॉर्गन यांच्या नियमाने पाहिले, तर ‘हा तिकडचा किंवा इकडचा आहे असे नाही’ असे म्हणणारा आपल्याला दोन्हीकडून वगळतो. ‘हा तिकडचा आणि इकडचा दोन्ही आहे असे नाही’ असे म्हणणाराही निदान एक घर हिरावून घेतो. यांतली कोणती गोष्ट आपल्याविषयी खरी, हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याला देऊ नये, एवढे शहाणपण त्या ‘असंलग्न’ माणसाकडून घेता येईल.

मग डी मॉर्गन यांचे आपल्याशी नाते कोणते? संबंधांचे शास्त्र घडवणाऱ्याविषयी बोलताना संबंध तरी नेमका सांगितला पाहिजे. जन्माने ते मदुरेचे, पण जन्मस्थानावरून विचारांची वंशावळ सिद्ध होत नाही. बूल त्यांचे स्नेही आणि मेरी बूल यांचे चुलते हैदराबादला होते. पण स्नेह्याच्या पत्नीच्या चुलत्याचे वास्तव्य हा काही संक्रामक संबंध नव्हे. त्यातून ‘आमचे तर्कशास्त्र त्यांनी नेले’ हे निष्पन्न होत नाही. जे निष्पन्न होते ते वेगळे आहे. दूरच्या, परक्या सत्तेखालील देशातल्या एका अनोळखी शिक्षकाचे पुस्तक त्यांनी वाचले, त्यातला गुण ओळखला, त्याच्यासाठी लेखणी झिजवली, आणि त्या देशाच्या ज्ञानपरंपरेला बरोबरीचे स्थान दिले. ज्याने स्वतः धर्माच्या सहीला नकार देऊन दार बंद करून घेतले आणि दुसऱ्यासाठी दोनदा खुर्ची सोडली, त्याच्याकडून हे घडले यात आश्चर्य नाही.

पूर्वजांचा वारसा सांगताना आपल्याकडून दोन टोके गाठली जातात. सगळे आमच्याकडे आधीच होते, हे एक. आणि सगळे आम्हाला बाहेरून मिळाले, हे दुसरे. डी मॉर्गन यांनी या दोहोंपैकी एकही टोक पत्करले नाही. पुराव्याने जेवढे सिद्ध होते तेवढेच म्हणावे, आणि जेवढे सिद्ध होते तेवढे मोकळेपणाने द्यावे, ही त्यांची रीत. आपण ती उचलली, तर न्यायशास्त्राच्या अभ्यासाला आणि आपल्या घराण्यांच्या इतिहासलेखनाला, दोहोंनाही तिचा उपयोग होईल.